रँग्लर आणि कोशीचा सिद्धान्त

'रँग्लर' हा शब्द मूळचा इंग्रजी असला तरी महाराष्ट्रांत तो इतका रुळला आहे कीं, त्याचा अर्थ कोणी शब्दकोशांत पाहावयास जात नाहीं. पाढा चुकणाऱ्या मुलास "मोठा रँग्लर लागून गेलास!" असें घरांतलीं वडील माणसें म्हणत, तेव्हां म्हणणारास व ऐकणारास दोघांसही तें पुरतें समजे. या शब्दाला आमच्याकडे एवढी प्रतिष्ठा आली ती एका माणसामुळें. दापोली तालुक्यांतील मुर्डी या लहानशा गांवीं जन्मलेले रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे हे इ. स. १८९९ सालीं केंब्रिज विद्यापीठाच्या गणिताच्या परीक्षेंत, बर्टविसल नांवाच्या इंग्रज विद्यार्थ्याच्या बरोबरीनें, पहिले आले. 'सीनिअर रँग्लर' हा मान मिळविणारे ते पहिले भारतीय. पुढें ते फर्ग्युसन कॉलेजचे प्राचार्य झाले, मंत्री झाले, कुलगुरु झाले; पण लोकांच्या तोंडीं ते अखेरपर्यंत 'रँग्लर परांजपे'च राहिले.

ज्या परीक्षेनें हा शब्द आमच्या घरांत आणून सोडला ती परीक्षा होती तरी कशी, तींत काय विचारीत आणि काय विचारीत नसत, याचा विचार मात्र आमच्याकडे फारसा झालेला दिसत नाहीं. आज गणित हा विशेष विषय घेऊन पदवीस बसणाऱ्या विद्यार्थ्यास 'संमिश्र चलांचें विश्लेषण' या शाखेचा एक पेपर बहुधा द्यावाच लागतो. कोशीचा सिद्धान्त हा त्या पेपराचा प्राण होय. एकोणिसाव्या शतकानें शुद्ध गणितांत जें निर्माण केलें त्यांत सर्वांत सुंदर काय, असें विचारल्यास पुष्कळ जाणते लोक याच शाखेकडे बोट दाखवितील. असें असतां १८९९ सालची ती जगप्रसिद्ध क्रमवारी ज्या प्रश्नांवर ठरली, त्यांत या शाखेला जवळजवळ स्थानच नव्हतें! हें कसें घडलें, त्याची किंमत कोणी मोजली, आणि आज वर्गांत बसणाऱ्या मुलामुलींनीं त्यापासून काय घ्यावें, हें सांगण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

प्रथम ही शाखा म्हणजे काय तें पाहूं. तिची कथा ऋणसंख्येच्या वर्गमूळापासून सुरू होते. भास्कराचार्यांनीं इ. स. ११५० च्या सुमारास आपल्या बीजगणितांत स्पष्ट सांगून टाकलें कीं, धनसंख्येचा वर्ग धन आणि ऋणसंख्येचाही वर्ग धनच. तेव्हां ऋणसंख्या ही कोणाचाच वर्ग नसल्यामुळें तिला वर्गमूळ नाहीं. आचार्यांच्या ग्रंथांचें अध्ययन चालावें म्हणून त्यांचा नातू चांगदेव यानें खानदेशांत चाळीसगांवाजवळ पाटण येथें मठ स्थापिला, त्याविषयींचा इ. स. १२०७ चा शिलालेख प्रसिद्धच आहे. त्या मठांतील विद्यार्थ्यांनीं हा नियम पाठ केला असेल, आणि तो चुकीचा होता असें आजही कोणास म्हणतां येणार नाहीं. नेहमीच्या संख्यांपुरता तो अगदीं खरा आहे. प्रश्न एवढाच होता कीं, नेहमीच्या संख्यांपलीकडे पाऊल टाकावें कीं न टाकावें.

तें पाऊल इटलींत पडलें, आणि तेंही नाइलाजानें. कार्दानो यानें १५४५ सालीं प्रसिद्ध केलेल्या ग्रंथांत, दहाचे असे दोन भाग करा कीं त्यांचा गुणाकार चाळीस व्हावा, असा एक प्रश्न घेतला. उत्तरांत उणे पंधराचें वर्गमूळ आलें. त्यानें तें लिहून दाखविलें आणि हें सूक्ष्म खरें पण निरुपयोगी, असें म्हणून सोडून दिलें. खरी अडचण पुढेंच होती. एखाद्या संख्येचा घन हा तिच्या पंधरापटीहून चारानें अधिक आहे, तर ती संख्या कोणती? उत्तर उघड आहे: चार. चाराचा घन चौसष्ट, चाराची पंधरापट साठ. पण कार्दानोच्या ग्रंथांतील रीत लावली असतां वाटेंत उणे एकशेंएकवीसाचें वर्गमूळ आडवें येतें. उत्तर समोर दिसत आहे आणि तेथें जाणारी वाट मात्र अशक्य प्रदेशांतून जाते, असा हा चमत्कार होता. बोंबेल्ली नांवाच्या इंजिनिअरानें १५७२ सालीं त्या प्रदेशांत धीटपणें प्रवेश केला, त्या अशक्य संख्यांना बेरीज-गुणाकाराचे नियम घालून दिले, आणि पलीकडच्या तीरास चार हें उत्तर सुखरूप नेऊन पोंचविलें. अशक्यांतून जाऊन शक्य गोष्ट हातीं येते, हा या शाखेचा पहिला धडा होय. आणि एका अर्थानें शेवटचाही तोच.

फ्रेंच तत्त्ववेत्ता देकार्त यानें १६३७ सालीं या संख्यांस 'कल्पित' हें विशेषण दिलें. वाईट नांव एकदां चिकटलें म्हणजे सुटत नाहीं, त्याप्रमाणें तें आजतागायत चिकटून राहिलें आहे. अठराव्या शतकांत ऑयलरनें या कल्पित संख्यांकडून वाटेल तितकें काम करून घेतलें. पण त्या राहतात कोठें, हें कोणास सांगतां येईना. तें सांगितलें एका जमीन मोजणारानें. कास्पर वेसेल हा जन्मानें नॉर्वेचा, पण डेन्मार्कांत भूमापनाचें काम करणारा गृहस्थ. त्यानें १७९७ सालीं दाखवून दिलें कीं, संख्या एका रेषेवर न मांडतां सपाट पृष्ठभागावर मांडल्या म्हणजे सारा गूढपणा नाहींसा होतो. शाळेच्या मैदानावर कवायतींत "डावीकडे वळ" असा हुकूम दोनदां दिला तर मुलाचें तोंड बरोबर उलट दिशेस होतें. उणे एकानें गुणणें म्हणजे तोंड उलट फिरविणें. त्याचें वर्गमूळ म्हणजे एकदांच डावीकडे वळणें! यांत कल्पित तें काय राहिलें? वेसेलचा निबंध डेनिश भाषेंत असल्यामुळें जवळजवळ शंभर वर्षें कोणाच्या नजरेस आला नाहीं. आर्गां यानें १८०६ सालीं तीच गोष्ट स्वतंत्रपणें सांगितली आणि १८३१ सालीं गाउसनें आपल्या अधिकाराचें वजन तिच्या पारड्यांत टाकलें, तेव्हां कोठें या संख्यांना गणिताच्या पंगतींत राजरोस पान मांडलें गेलें.

आतां कोशीकडे वळूं. ओग्युस्तँ लुई कोशी हा १७८९ सालीं, म्हणजे फ्रेंच राज्यक्रांतीच्या वर्षीं पॅरिसमध्यें जन्मला, आणि राज्यक्रांत्यांनीं त्याची पाठ अखेरपर्यंत सोडली नाहीं. १८३० सालीं राजा बदलला, तेव्हां नव्या राजाशीं एकनिष्ठेची शपथ घेण्यास त्यानें नकार दिला, अधिकाराच्या जागांवर पाणी सोडलें आणि कित्येक वर्षें तुरिन व प्राग येथें परदेशांत काढलीं. त्याच्या राजकीय मतांशीं आम्हांस कर्तव्य नाहीं. परंतु १८२५ सालच्या त्याच्या निबंधानें आणि त्यामागून आलेल्या लेखनानें संमिश्र चलांचें शास्त्र उभें केलें, यांत शंका नाहीं. त्याचा मुख्य सिद्धान्त आमच्या वाचकांस परिचित अशा एका उपमेनें सांगतां येईल. एखाद्या प्रदेशाभोंवतीं आपण प्रदक्षिणा घालीत आहों आणि प्रत्येक पावलास कांहीं जमाखर्च मांडीत आहों, अशी कल्पना करा. आंतला सर्व प्रदेश निर्दोष असेल, म्हणजे ज्या फलनाचा हा हिशेब आहे तें कोठेंही बिघडत नसेल, तर प्रदक्षिणा पुरी होतांच जमाखर्चाची बाकी शून्य. आंत एखादा बिघाडाचा बिंदु असेल तर बाकी उरते. पण ती फक्त त्या बिंदूवर अवलंबून असते, वाटेवर नव्हे. प्रदक्षिणा लहान घाला कीं मोठी घाला, वाट वांकडी घ्या कीं सरळ घ्या, फळ तेंच!

या सिद्धान्ताचा प्रकाश नेहमीच्या, 'खऱ्या' संख्यांच्या प्रदेशावरही कसा पडतो याचें एक उदाहरण देतों. एकास, एक अधिक एखाद्या संख्येचा वर्ग, यानें भागा. हें फलन कागदावर काढून पाहिलें तर टेकडीसारखी एक शांत, गोलसर आकृति दिसते. कोठें खांच नाहीं, कडा नाहीं. पण हेंच फलन अनंत श्रेढीच्या रूपानें लिहूं गेलें, तर संख्या एकाहून लहान आहे तोंपर्यंत श्रेढी इमानानें चालते आणि एकाच्या पुढें पाऊल पडतांच बेफाम होते. कां? रेषेवर डोळे खिळवून बसणारास याचें उत्तर जन्मभर मिळणार नाहीं. पृष्ठभागावर पाहिलें तर तें तत्काल मिळतें: शून्यापासून डावीकडे वळून एक पाऊल गेलें कीं तेथें, आणि उलट बाजूस तितक्याच अंतरावर, त्या फलनाचे दोन बिघाडाचे बिंदु बसलेले आहेत. श्रेढीला त्यांची वर्दी आहे, आपणांसच नव्हती.

कोशीनंतर जर्मनींत रीमान आणि वायरश्ट्रास यांनीं दोन निरनिराळ्या वाटांनीं या शास्त्राचें मंदिर बांधलें. रीमाननें १८५१ सालीं गटिंगेन येथें सादर केलेल्या प्रबंधांत भूमितीची वाट धरली. वायरश्ट्रास कित्येक वर्षें आडगांवच्या शाळांत शिक्षकी करीत होता. १८५४ सालच्या एका निबंधानें तो एकदम प्रसिद्धीस आला आणि मग बर्लिन येथें त्यानें श्रेढींच्या भक्कम पायावर हीच इमारत पुनः रचली. आमच्याकडे शितावरून भाताची परीक्षा करितात. संमिश्र चलांच्या फलनास ही म्हण अक्षरशः लागू पडते. त्याचा लहानसा तुकडा ठाऊक झाला कीं तें सर्वत्र ठाऊक झालें. रीमाननें १८५९ सालीं आठच पानांच्या एका निबंधांत दाखविलें कीं, मूळ संख्यांची गणति या शास्त्राच्या साहाय्यानें होऊं शकेल. शंभराच्या आंत २५ मूळ संख्या आहेत, हजाराच्या आंत १६८, दहा लाखांच्या आंत ७८,४९८. त्यांच्या विरळ होत जाण्याचा नियम १८९६ सालीं आदामार आणि द ला व्हाले पूसँ या दोघांनीं स्वतंत्रपणें सिद्ध केला, तो याच मार्गानें. त्या आठ पानांत रीमाननें सहजगत्या केलेलें एक अनुमान मात्र आजही कोणास सिद्ध करतां आलेलें नाहीं.

हें सर्व पॅरिस, गटिंगेन आणि बर्लिन येथें चाललें असतां केंब्रिजमध्यें काय चाललें होतें? तेथें परीक्षा चालली होती. 'ट्रायपॉस' या नांवाच्या त्या परीक्षेंत पहिल्या वर्गांत येणारे ते रँग्लर, त्यांचा अग्रणी तो सीनिअर रँग्लर, आणि उत्तीर्ण झालेल्यांत अगदीं शेवटला जो येईल त्यास एक लांकडी चमचा बक्षीस! १८५४ सालीं या परीक्षेंत आठ दिवसांत सोळा पेपर, साडेचव्वेचाळीस तास आणि दोनशें अकरा प्रश्न होते. एवढ्या प्रश्नांस वेगानें उत्तरें देण्याची कला महाविद्यालयांतील व्याख्यानांतून साधत नसे. तीसाठीं खासगी शिकवणीचे गुरु असत. हॉपकिन्स आणि त्याच्यामागून राऊथ हे त्यांतले मेरुमणि. एकट्या राऊथच्या हाताखालून दोन डझनांहून अधिक सीनिअर रँग्लर बाहेर पडले. शिकवणीच्या वर्गांना आज नांवें ठेवणाऱ्या मंडळींनीं हें ध्यानांत घ्यावें कीं, हा रोग नवा नाहीं आणि आपल्याकडचाही नाहीं.

न्यायाच्या दृष्टीनें येथें हेंही सांगितलें पाहिजे कीं, या परीक्षेनें मोठीं माणसें दिलीं. स्टोक्स, टॉम्सन, मॅक्सवेल हे भौतिक शास्त्राचे धुरंधर याच तालमींत तयार झाले. यंत्रशास्त्र, प्रकाश, द्रवपदार्थांची गति यांवरील कठीण कोडीं सोडविण्यांत केंब्रिजचा पदवीधर कोणास हार जात नसे. पण कोडें सोडविणें निराळें आणि शास्त्र समजणें निराळें. पाऊण तासांत सुटणार नाहीं तें गणित परीक्षेस निरुपयोगी. परीक्षेस निरुपयोगी तें शिकवणीस निरुपयोगी. आणि शिकवणीस निरुपयोगी तें विद्यार्थ्यानें वाचूं नये, अशी ही सांखळी होती. कोशीचा १८२५ चा निबंध फ्रेंच भाषेंत होता, रीमानचा प्रबंध जर्मन भाषेंत होता. ते वाचण्यानें एकही गुण मिळत नसे. परीक्षेचे पुढें दोन भाग झाले आणि दुसऱ्या भागांत उच्च शुद्ध गणितास थोडी जागा मिळाली. पण रँग्लरांचा अनुक्रम पहिल्या भागावर ठरे, आणि दुसऱ्या भागाची वाट थोडेच लोक धरीत.

ही कोंडी फोडण्याचें पहिलें श्रेय फोर्साइथ याला द्यावें लागेल. तो स्वतः १८८१ चा सीनिअर रँग्लर. १८९३ सालीं त्यानें संमिश्र चलांच्या फलनांवर एक जाडजूड ग्रंथ लिहून युरोपांतील सारें भांडार इंग्रजींत आणलें. त्या ग्रंथांतील सिद्धता पुष्कळ ठिकाणीं ढिल्या आहेत असें पुढच्या पिढीनें म्हटलें, आणि तें खोटें नाहीं. परंतु दार उघडणाराचा हात मळलेला होता म्हणून दार उघडल्याचा उपकार कमी होत नाहीं. त्याच्यामागून १९०२ सालीं व्हिटेकरचा 'आधुनिक विश्लेषणा'वरील ग्रंथ आला आणि तो कित्येक पिढ्यांच्या हातीं राहिला.

याच सुमारास केंब्रिजमध्यें हार्डी नांवाचा एक विद्यार्थी शिकत होता. शिकवणीच्या चरकांत तो इतका कंटाळला कीं, गणित सोडून इतिहास घ्यावा असें त्याच्या मनांत आलें. तेवढ्यांत लव्ह या प्राध्यापकानें त्याला जॉर्दां या फ्रेंच गणितज्ञाचा विश्लेषणावरील ग्रंथ वाचावयास सांगितला. गणित म्हणजे खरोखर काय हें आपणांस तो ग्रंथ वाचतांना प्रथमच समजलें, असें हार्डीनें म्हातारपणीं लिहून ठेवलें आहे. हार्डी १८९८ सालीं चौथा रँग्लर झाला. पुढच्याच वर्षीं आमचे परांजपे पहिले आले! ज्या क्रमवारीनें महाराष्ट्र हर्षभरित झाला, तीच क्रमवारी मोडून टाकावी म्हणून आदल्या वर्षींचा हा चौथा रँग्लर पुढें हिरिरीनें झगडूं लागला. १९०८ सालीं त्यानें 'शुद्ध गणिता'वर लिहिलेलें पाठ्यपुस्तक प्रसिद्ध झालें, आणि १९०९ सालीं अनुक्रमानें नांवें वाचण्याची चाल कायमची बंद पडली. त्यानंतर रँग्लर पुष्कळ झाले. फर्ग्युसनचे दुसरे प्रसिद्ध प्राचार्य महाजनी हे त्यांतलेच. पण सीनिअर रँग्लर असा जाहीर मान त्यानंतर कोणाच्याही वांट्यास आला नाहीं. एवढ्यानेंही हार्डीचें समाधान झालें नाहीं. १९२६ सालीं एका अध्यक्षीय भाषणांत त्यानें ती परीक्षा सुधारण्यापेक्षां नाहींशीच करावी, असा पक्ष मांडला.

यांत परांजप्यांकडे कमीपणा येतो असें कोणी समजूं नये. परीक्षा जी होती ती त्यांनीं जिंकली. ती कशी असावी हें ठरविणें त्यांच्या हातीं नव्हतें. ज्या काळीं आपल्या लोकांच्या बुद्धीविषयीं राज्यकर्त्यांच्या मनांत संशय असे, त्या काळीं त्यांच्याच आखाड्यांत त्यांच्याच नियमांनीं कुस्ती मारणें याचें मोल निराळें होतें. आमचें म्हणणें एवढेंच कीं, आखाड्याची मर्यादा ही विद्येची मर्यादा नव्हे.

या मर्यादेची सर्वांत मोठी किंमत ज्यानें मोजली तो केंब्रिजचा विद्यार्थी नव्हताच. तो कुंभकोणम् येथील एक गरीब ब्राह्मणाचा मुलगा होता. श्रीनिवास रामानुजन् याच्या हातीं १९०३ च्या सुमारास जें पुस्तक पडलें तें कार नांवाच्या लंडनच्या एका शिकवणीवाल्यानें तयार केलेलें होतें. ट्रायपॉसची तयारी करणाऱ्या मुलांसाठीं त्यानें जमविलेल्या टिपणांतून तें निघालें होतें. त्यांत हजारों सिद्धान्त ओळीनें मांडलेले, सिद्धता बहुतेक नाहींतच, आणि कोशीच्या शास्त्राचा जवळजवळ मागमूस नाहीं. म्हणजे केंब्रिजच्या परीक्षेची सांवली सात समुद्र ओलांडून कावेरीच्या तीरीं पडली होती! त्या सांवलींत वाढलेल्या या अलौकिक मुलानें स्वतःच्या बुद्धीनें जगाला चकित करणारीं सूत्रें शोधून काढलीं. पण १९१३ सालीं त्यानें हार्डीस जीं पत्रें लिहिलीं त्यांत मूळ संख्यांविषयींचे त्याचे कांहीं दावे चुकले होते. ते कां चुकले याचें कारण हार्डीनें पुढें स्पष्ट केलें आहे. रीमानच्या त्या फलनाचीं शून्यें रेषेबाहेर, संमिश्र संख्यांच्या पृष्ठभागावर पसरलेलीं आहेत. रामानुजन् याला त्या पृष्ठभागाची खरी ओळख नव्हती. त्यानें जणूं तीं शून्यें नाहींतच असें धरून हिशेब केला.

१९१४ च्या एप्रिलांत रामानुजन् केंब्रिजला पोंचला. वयाच्या सव्विसाव्या वर्षीं, आणि अशा बुद्धीला, पाठ्यपुस्तक हातांत देऊन पहिल्यापासून शिकविणें हार्डीला प्रशस्त वाटलें नाहीं. त्यानें जेवढें अवश्य तेवढेंच बेतानें सांगितलें. त्या संयोगाचें फळ १९१८ सालीं दिसलें. एखादी संख्या लहान संख्यांच्या बेरजेनें किती प्रकारें मांडतां येते, असा प्रश्न होता. चार ही संख्या पांच प्रकारांनीं मांडतां येते. चार, तीन व एक, दोन व दोन, दोन, एक व एक, आणि चार एक. दोनशें ही संख्या किती प्रकारांनीं? मॅकमाहन यानें हातानें गणित करून उत्तर काढलें: ३९,७२,९९,९०,२९,३८८. हार्डी आणि रामानुजन् यांच्या सूत्राचीं आठ पदें मिळवितां जें उत्तर येतें, त्यांत आणि या संख्येंत फरक पडतो तो एकाच्या हजार भागांपैकीं चार भागांचा! आणि हें सूत्र कसें निघालें? एका वर्तुळाभोंवतीं, परिघावरच्या बिघाडाच्या बिंदूंचा मान राखीत घातलेल्या प्रदक्षिणेंतून. म्हणजे कोशीच्या सिद्धान्तांतून. ज्याला तो सिद्धान्त चार वर्षांपूर्वीं ठाऊक नव्हता, त्याच्या नांवाचा सर्वांत तेजस्वी शोध त्याच सिद्धान्ताच्या पायावर उभा आहे. दोनच वर्षांनीं, २६ एप्रिल १९२० रोजीं, वयाच्या बत्तिसाव्या वर्षीं रामानुजन् वारला. तें ज्ञान त्याला दहा वर्षें आधीं मिळतें तर काय झालें असतें, हा प्रश्न मनांत आल्यावांचून राहत नाहीं. पण इतिहासांत 'जर'ला उत्तर नसतें.

असो. आज कोशीचा सिद्धान्त परीक्षेंत आहे. मग झगडा संपला, असें म्हणावें काय? येथें आम्हांस आमच्याच पदरची एक गोष्ट सांगितली पाहिजे. विद्यार्थिदशेंत आम्हीं हा पेपर दिला. सिद्धता पाठ होती. ती जशीच्या तशी उतरविली. गुण भरपूर मिळाले, आणि त्या गुणांचा आम्हांस बरीच वर्षें अभिमानही होता. पुढें शिकवूं लागलों तेव्हां तीच सिद्धता फळ्यावर उतरवीत असूं. एके वर्षीं वर्गांतील एका विद्यार्थिनीनें विचारलें, "सर, आपण फक्त कडेकडेनं फिरतोय. आतल्या बिंदूपर्यंत आपण गेलोच नाही. मग आत काही बिघडलेलं आहे की नाही, हे त्या वाटेला कळतं कसं?" आम्ही क्षणभर थांबलों, आणि "हें सिद्धतेंत येतें" असें म्हणून पुढें गेलों. तें उत्तर नव्हतें. तें सिद्धतेंत कोठें येतें हें त्या क्षणीं आम्हांसच ठाऊक नव्हतें. ज्या पेपरांत आम्ही पहिल्या वर्गांत आलों होतों, त्या पेपराच्या मुख्य सिद्धान्ताचें मर्म आम्हांस समजलें नव्हतें, ही गोष्ट त्या दिवशीं कळून चुकली.

आठ दिवस पुस्तकें उघडून बसलों, आणि उत्तर सांपडलें तें गुर्सा या फ्रेंच गणितज्ञाच्या १९०० सालच्या युक्तींत. मोठ्या शेताचे बांध घालून लहान लहान तुकडे पाडा, आणि प्रत्येक तुकड्याभोंवतीं एकाच दिशेनें प्रदक्षिणा घाला. दोन तुकड्यांमधला सामाईक बांध दोनदां चालावा लागतो, पण एकदां जातांना आणि एकदां उलट येतांना. तेव्हां त्याचा जमाखर्च फिटतो. उरते ती फक्त बाहेरच्या बांधाची चाल. म्हणजे बाहेरची मोठी प्रदक्षिणा ही आंतल्या सर्व लहान प्रदक्षिणांची बेरीजच असते. तुकडे पुरेसे बारीक केले कीं, निर्दोष जागीं बेरजेंत पडणारी भर हवी तितकी नगण्य करतां येते. बिघाड जेथें असेल तेवढाच तुकडा बाकी ठेवतो. वाटेला आंतलें कळतें तें यामुळें! दुसऱ्या आठवड्यांत वर्गांत आम्हीं प्रथम त्या मुलीचा प्रश्न फळ्यावर लिहिला, मागच्या खेपेस आपण तो टाळला होता हें कबूल केलें, आणि मग शेत काढून बांध घातले. त्या तासाला कोणी "हें परीक्षेला आहे का?" असें विचारलें नाहीं.

तात्पर्य, एखादें शास्त्र परीक्षेबाहेर ठेवल्यानें जशी हानि होते, तशीच तें परीक्षेंत आणून पाठ करविल्यानेंही होते. केंब्रिजनें पहिली चूक जवळजवळ सत्तर वर्षें केली. दुसरी चूक आमच्या वर्गांत रोज होत आहे, आणि ती करणारांत आम्हीही होतों. पहिल्या चुकीस निदान एक उपाय होता: अभ्यासक्रमाचे नियम बदलतां येत होते. दुसरीला नियमांत उपाय नाहीं. जो विद्यार्थी सिद्धतेच्या प्रत्येक ओळीपाशीं थांबून "हें कां?" असें विचारील, आणि जो शिक्षक "मलाही पाहावें लागेल" असें म्हणावयास लाजणार नाहीं, त्या दोघांच्या हातांत तो आहे.

ज्या घरांतून आज मुलें-मुली हा विषय घेऊन महाविद्यालयांत जात असतील, तेथील वडीलधाऱ्यांस आमची एक विनंती आहे. निकालाच्या दिवशीं किती गुण पडले हें जरूर विचारा. पण त्यापूर्वीं एखाद्या रात्रीं, जेवणें झाल्यावर, "आंतला बिंदु वाटेला कळतो कसा, तें मला समजावून सांग पाहूं," असेंही विचारून पाहा. मूल कागद ओढून शेत काढूं लागलें, तर तें रँग्लर होवो कीं न होवो, त्याचें शिक्षण ठीक चाललें आहे असें खुशाल समजावें.